पेशींचे स्वभक्षण आणि मूत्रपिंडाचा कर्करोग



चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा, आम्ही कामगार-कायद्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची समजूत झाली असावी. त्यात त्यांची चूक नाही. वाशिंद, आसनगाव, मुरबाड या पट्ट्यातील कारखान्यांच्या फाटकांवर आम्ही वर्षानुवर्षे तेच बोलत आलो आहोत. परंतु अलीकडे युनियनच्या कचेरीत येणारा माणूस पगाराची चिठ्ठी घेऊन येतो तसाच दवाखान्याचा कागदही घेऊन येतो. तो कागद कळावा म्हणून आम्ही वाचू लागलो. शाळा आमची लवकर सुटली. जे काही कळते ते वाचनालयात बसून आणि भल्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून कळले. तेव्हा आज आम्ही जे सांगणार आहोत ते वैद्याच्या अधिकाराने नव्हे. आपल्यासारख्याच एका माणसाने समजून घेऊन आपल्यापुढे ठेवलेले आहे, असे समजावे.

विषयाचे नाव अवघड आहे, पण गोष्ट अवघड नाही. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी गरज पडली की स्वतःचाच काही भाग मोडून खाते. या क्रियेला शास्त्रज्ञ ऑटोफॅजी म्हणतात. शब्द ग्रीक आहे. ‘ऑटो’ म्हणजे स्वतः आणि ‘फॅजी’ म्हणजे खाणे. आपण तिला स्वभक्षण म्हणू. या स्वभक्षणाचा मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी काय संबंध आहे आणि त्यावरील औषधोपचाराशी काय संबंध आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आता हा विषय आम्ही कोठून उकरून काढला? तो आपल्या सर्वांच्या खिशातल्या फोनवर आहे. ‘एका जपानी शास्त्रज्ञाला उपवासाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, उपवास केला की शरीर कॅन्सरच्या पेशी आपोआप खाऊन टाकते, आपल्या पूर्वजांनी एकादशी सांगितली ती याचसाठी,’ असा मजकूर आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल आणि कित्येकांनी पुढेही पाठविला असेल. आमच्या एका सभासदाने तो वाचला. फिटरचे काम करणारा माणूस. एक मूत्रपिंड काढलेले, रोग फुफ्फुसापर्यंत गेलेला, गोळ्या चालू. त्याने अन्न निम्म्यावर आणले आणि आम्हांस येऊन विचारले, ‘साहेब, शरीर स्वतःच रोग खाणार असेल, तर गोळ्यांचे पैसे कशाला घालवायचे?’ प्रश्न अगदी सरळ होता. त्याला उत्तरही सरळ द्यावयास हवे होते, आणि ते देण्यासाठी स्वभक्षण म्हणजे काय हे नीट समजून घेणे भाग होते.

प्रथम मूत्रपिंड. आपण तानसाच्या काठचे लोक. पाणी गाळून पुरविणे म्हणजे काय हे आपणांस सांगावयास नको. १८९२ सालापासून तानसाचे पाणी मुंबईला जाते आहे. आपल्या पाठीच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे आहेत आणि प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या आहेत. दिवसाकाठी १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. पण बाहेर किती पडतो? दीड-दोन लिटर. बाकी सगळा परत रक्तात सोडला जातो. तानसाचे गेलेले पाणी आपल्या पाड्यांना परत मिळत नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मूत्रपिंड मात्र या बाबतीत मुंबईपेक्षा न्यायी आहे, घेतलेले जवळजवळ सगळे परत करते.

हे परत करण्याचे काम गाळणीच्या पुढील बारीक नळ्यांच्या पेशी करतात. काम अष्टौप्रहर चालू आणि फार मेहनतीचे. म्हणून या पेशींत शक्ती निर्माण करणारी सूक्ष्म यंत्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, दाटीवाटीने भरलेली असतात. यंत्र जितके चालते तितके झिजते. झिजलेले यंत्र जागच्या जागी सडू दिले तर ते ठिणग्या टाकते आणि पेशीलाच इजा करते. येथे स्वभक्षण उपयोगी पडते. पेशी त्या मोडक्या भागाभोवती दुपदरी पिशवी विणते. ती पिशवी लायसोझोम नावाच्या आम्लाच्या कोठडीला जाऊन मिळते. आतला माल विरघळतो, आणि त्याचे जे सुटे घटक निघतात ते पेशी पुन्हा नव्या बांधकामाला वापरते. चांगल्या कारखान्यात भंगार असेच भट्टीत जाऊन नव्या सुट्या भागांच्या रूपाने परत येते. शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मूत्रपिंडातील नळ्यांच्या पेशींतून स्वभक्षणाची सोय काढून टाकून पाहिली, तेव्हा रक्तपुरवठा तुटण्यासारख्या आघाताने ती मूत्रपिंडे अधिक बिघडली. म्हणजे निरोगी मूत्रपिंडात स्वभक्षण हे रक्षण करणारे आहे.

लायसोझोमची ही कोठडी बेल्जियमचे ख्रिस्तियान द दूव्ह यांनी १९५५ साली दाखवून दिली आणि १९६३ साली ऑटोफॅजी हा शब्दही त्यांनीच रूढ केला. पुढे जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी प्रयोगाला माणूस घेतला नाही, यीस्ट घेतले. पाव फुगविणारे तेच यीस्ट. त्यांनी असे यीस्ट निवडले की ज्याच्या कोठडीतील माल पचविणारे रसच नाहीत, आणि मग त्याला उपाशी ठेवले. काही तासांत कोठडी लहान लहान पिशव्यांनी भरून गेली. माल येत होता पण पचत नव्हता, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागला. १९९३ पर्यंत त्यांनी या कामाला लागणारी पंधरा जनुके हुडकून काढली. २०१६ सालचे नोबेल पारितोषिक या यंत्रणेच्या शोधाबद्दल आहे. त्यात कर्करोगावर उपवास सांगितलेला नाही. एकादशी ज्याला श्रद्धेने करावयाची त्याने ती श्रद्धेने करावी. तिला स्टॉकहोमच्या शिफारसपत्राची गरज नाही, आणि ते पत्र कोणी दिलेलेही नाही.

आता उपासमारीत पेशी स्वतःला का खाते? येथे आम्ही आमच्या घरचे उदाहरण देतो. आमचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही लहान होतो. पगार बंद झाला. आईने प्रथम जास्तीची भांडी मोडीत घातली, मग तांब्याचा हंडा, मग आणखी काही. घरातल्या वस्तूंवर घर चालले. हे जसे घराचे तसे पेशीचे. बाहेरून अन्न येईनासे झाले की पेशी घरातला माल मोडून दिवस काढते. पेशीत एमटॉर नावाचा एक मुकादम आहे असे समजा. अन्न मुबलक असले की हा मुकादम ‘बांधा, वाढवा’ असा हुकूम देतो आणि मोडीचे दुकान बंद ठेवतो. अन्न तुटले की मुकादम गप्प बसतो आणि मोडीचे दुकान उघडते.

परंतु, श्रोतेहो, यात एक मेख आहे. टंचाईत घरातला माल काढून दिवस काढण्याची युक्ती गरिबाला येते तशी साठेबाजालाही येते. किंबहुना साठेबाजाकडे माल अधिक असल्यामुळे तो अधिक दिवस काढतो. स्वभक्षण हे अवजार आहे. ते निरोगी पेशीच्या हाती असते तसेच कर्करोगाच्या पेशीच्याही हाती असते. फोनवरचा मजकूर लिहिणारा नेमकी हीच गोष्ट विसरला. ‘शरीर कॅन्सरच्या पेशी खाते’ असे तो म्हणतो. वस्तुतः प्रत्येक पेशी स्वतःला खाते, आणि कर्करोगाची पेशी स्वतःला खाते ती मरण्यासाठी नव्हे, तगण्यासाठी.

मूत्रपिंडाच्या कर्करोगात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. या रोगाचा सर्वांत नेहमीचा प्रकार, दर चार रोग्यांत सुमारे तिघांना होणारा, ‘क्लिअर सेल’ म्हणून ओळखला जातो. सूक्ष्मदर्शकासाठी तुकडा तयार करताना पेशींतील चरबी व साखरेचा साठा धुऊन जातो आणि पेशी काचेसारख्या स्वच्छ दिसतात, म्हणून हे नाव. साठेबाज म्हटले ते उगाच नव्हे. मघाशी सांगितलेल्या त्या कष्टाळू नळ्यांच्या पेशींतूनच हा रोग उगवतो. त्याच्या मुळाशी बहुधा एक जनुक बिघडलेले असते. जर्मनीचे फॉन हिप्पेल आणि स्वीडनचे लिंडाऊ या दोन डॉक्टरांच्या नावांवरून त्याला व्हीएचएल म्हणतात. ते १९९३ साली सापडले. त्याचे काम पहारेकऱ्याचे. पेशीत एचआयएफ नावाचा एक निरोप्या आहे. प्राणवायू कमी पडला की तो ओरडतो, ‘रक्तवाहिन्या वाढवा!’ प्राणवायू पुरेसा असला की पहारेकरी त्याला खूण करून मोडीत पाठवितो. हे कोडे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चे नोबेल मिळाले. पहारेकरीच नाहीसा झाला की निरोप्या अहोरात्र ओरडत राहतो. टंचाई नसताना टंचाईचा दाखला काढून टँकर मागवावेत तसे होते. रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि गाठ पोसते.

हाच पहारेकरी स्वभक्षणावरही लक्ष ठेवतो, असे अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली दाखविले. त्यांना एकाच पेशीत स्वभक्षणाच्या दोन वाटा आढळल्या. एक वाट गाठीला पोसणारी. पहारेकरी जागा असताना ती दबलेली असते. दुसरी वाट गाठीला आवरणारी; ती पहारेकरी चालू ठेवतो. पहारेकरी गेला की पोसणारी वाट मोकळी होते आणि आवरणारी बंद पडते. यावरून ‘स्वभक्षण चांगले की वाईट?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. कोणत्या पेशीत, कोणत्या वाटेने आणि रोगाच्या कोणत्या अवस्थेत, असे विचारावे लागते.

आता औषधांकडे येऊ. रोग मूत्रपिंडातच असेल तर मुख्य उपाय शस्त्रक्रिया. गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढून बाकीचे मूत्रपिंड वाचविता येते. नेहमीच्या केमोथेरपीला हा रोग फारसा दाद देत नाही. म्हणून रोग पसरलेल्यांसाठी २००५ पर्यंत फार थोडे उपाय होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत सोराफेनिबला आणि २००६ च्या जानेवारीत सुनिटिनिबला मंजुरी मिळाली. ही औषधे प्रामुख्याने गाठीच्या नव्या रक्तवाहिन्यांवर घाव घालतात, म्हणजे टँकर अडवितात. त्यानंतर आली एव्हरोलिमससारखी मुकादमाला गप्प बसविणारी औषधे. त्यांचे मूळ रॅपामायसिन. ते पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीतील जंतूपासून मिळाले, आणि ते वेगळे काढण्यात सुरेंद्रनाथ सेहगल या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता.

पण आता आपणच सांगा, टँकर अडविला किंवा मुकादमाला गप्प केले, तर पेशी काय करील? मोडीचे दुकान उघडील! तसेच होते. औषधाने गाठ उपाशी पडते, वाढ थांबते, पण काही पेशी स्वभक्षणावर तग धरतात. काही महिन्यांनी औषध चालेनासे होते, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक असावे असे संशोधक मानतात.

मग दुकानच बंद करता येईल काय? येथे आपल्या ओळखीचे औषध पुढे येते. मलेरियाच्या क्लोरोक्वीनची कडू गोळी आपल्या तालुक्यात कोणाला ठाऊक नाही? तिच्या जातीचे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन लायसोझोमच्या कोठडीतील आम्ल मारते; पिशव्या येऊन पडतात पण माल पचत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी, आधी इतर औषधे घेऊन झालेल्या मूत्रपिंड-कर्करोगाच्या रुग्णांना एव्हरोलिमससोबत हे औषध देऊन पाहिले. निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. तपासता आलेल्या ३३ रुग्णांपैकी २२ जणांचा रोग काही काळ आटोक्यात राहिला. त्यांतील दोघांची गाठ लक्षणीय आकसली. १५ जणांचा रोग सहा महिने किंवा अधिक काळ वाढला नाही. आशा वाटावी असे हे आकडे आहेत. परंतु या चाचणीत नुसते एव्हरोलिमस घेणारा दुसरा गट तुलनेला नव्हता, म्हणून यश कोणत्या गोळीचे हे त्यावरून ठरत नाही. हा अद्याप नेहमीचा उपचार झालेला नाही. तेव्हा ही गोळी कोणी मनाने घेऊ नये. डोळ्यांना आणि हृदयाला ती अपाय करू शकते.

यात एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. फोन म्हणतो, स्वभक्षण वाढवा. शास्त्रज्ञ या रोग्यांत ते बंद पाडण्याचा प्रयत्न करीत आहेत. अगदी उलट! उपवासाने मूत्रपिंडाचा कर्करोग बरा होतो असे कोणत्याही चाचणीने दाखविलेले नाही. आधीच वजन घटत असलेला रोगी उपाशी राहिला तर त्याची गाठ आकसण्याऐवजी त्याचे स्नायू आकसतात, आणि औषध सोसण्याची ताकद जाते. आमच्या फिटर मित्राला आम्ही हेच सांगितले, आणि त्याच्या डॉक्टरांकडून पुन्हा सांगविले. तो परत जेवू लागला.

पण त्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिलाच होता: ‘गोळ्यांचे पैसे कशाला घालवायचे?’ उपवासाच्या औषधावर माणूस विश्वास ठेवतो तो केवळ अज्ञानाने ठेवतो, असे आम्ही मानीत नाही. जेथे खरे औषध परवडत नाही, तेथे फुकटचे औषध खरे वाटू लागते. म्हणून किमतीची गोष्ट सांगितल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही, आणि ती गोष्ट मुंबईतच घडलेली आहे.

सोराफेनिब हे मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरील औषध. बायर या कंपनीकडे त्याचे पेटंट होते आणि एका महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत सुमारे दोन लाख ऐंशी हजार रुपये होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीने १९७० च्या पेटंट कायद्याच्या ८४ व्या कलमाखाली अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी भारतातील पहिला सक्तीचा परवाना दिला. औषध पुरेशा लोकांना मिळत नाही, किंमत वाजवी नाही, आणि या देशात ते पेटंटच्या अपेक्षेप्रमाणे तयार होत नाही, अशी तीन कारणे त्यांनी दिली. महिन्याची किंमत नऊ हजारांच्या आत आली. पेटंटधारकाला विक्रीवर सहा टक्के स्वामित्वशुल्क ठरविले, ते पुढे अपिलात सात टक्के झाले. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय कायम ठेवला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

सोराफेनिबने रोग मुळासकट जात नाही. ते रोगाची वाढ लांबविते. आज त्याहून चांगली औषधेही आली आहेत. शरीराच्या संरक्षक पेशींना जागे करणारी निव्होलुमॅबसारखी औषधे आहेत. ओरडणाऱ्या निरोप्याच्या एका जातीचे तोंड दाबणारे बेल्झुटिफॅन २०२१ पासून अमेरिकेत मंजूर आहे. त्यांच्या किमती पुन्हा तशाच डोंगराएवढ्या. पण २०१२ च्या निर्णयाने एक गोष्ट सिद्ध झाली: औषधाची किंमत ही पावसासारखी आकाशातून पडत नाही. माणसे ती ठरवितात, आणि कायद्याने माणसांना ती बदलताही येते. कामगार चळवळीला ही शिकवण नवी नाही.

आता थोडे व्यवहाराचे. लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच गेले असो आणि दुखत नसो, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जाचे पाणी पीत बसू नये. कुशीत सतत दुखणे, गाठ लागणे, कारण नसताना वजन घटणे, ताप रेंगाळणे, यांकडेही दुर्लक्ष करू नये. साध्या सोनोग्राफीत पुष्कळदा ही गाठ लहान असतानाच सापडते, आणि लहान गाठ शस्त्रक्रियेने बरी होण्याची आशा मोठी असते. तंबाखूचा धूर, स्थूलपणा आणि वाढलेला रक्तदाब ही या रोगाची माहीत असलेली कारणे आहेत. कारखान्यातील बांधवांनी आणखी एक नाव पाठ करावे: ट्रायक्लोरोएथिलीन. धातूच्या भागांवरचा तेलकटपणा काढण्यासाठी ते वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली, हे द्रव्य माणसाला मूत्रपिंडाचा कर्करोग करते, असा निर्वाळा दिला. तेव्हा धुण्याच्या टाकीत काय ओतले जाते, डब्यावर काय लिहिले आहे, वाफ खेचणारा पंखा चालतो की नाही, हे विचारणे हा आगाऊपणा नव्हे. तो पगाराइतकाच हक्काचा प्रश्न आहे.

उपचारासाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. १९४१ पासून ते गिरणगावात उभे आहे, आणि कसारा लोकलने आपणांस ते फार दूर नाही. राज्य कामगार विमा योजनेचे कार्ड असेल तर ते काढून ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. कंत्राटी कामगाराने तर ‘माझा विमा भरला जातो काय?’ हे निरोगी असतानाच विचारून ठेवावे. आजारी पडल्यावर विचारलेला हा प्रश्न फार महाग पडतो.

श्रोतेहो, पेशी संकटात स्वतःला खाऊन काही दिवस काढते. तिला दुसरा इलाज नाही, ती एकटी आहे. माणूस एकटा नाही. रोगाच्या दिवसांत त्याने घरातली भांडी मोडीत घालून, पोट उपाशी ठेवून, स्वतःलाच खात दिवस काढावेत, अशी वेळ त्याच्यावर येता कामा नये. ती येऊ न देणे हे शेजाऱ्यांचे, संघटनेचे आणि सरकारचे काम आहे. ज्याच्या घरी हा रोग असेल त्याला आजपासून फोनवरचा मजकूर पाठवू नका. त्याच्यासोबत लोकलने परळपर्यंत जा.